जोडलेली मान, वाढतं मूल

(एपीएमसी मार्केट, नवी मुंबई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

माथाडी बंधूंनो, मापाडी, तोलणार, मेहता मंडळी, आडते-व्यापारी, गाळ्यात कांदा निवडणाऱ्या मावश्यांनो, आणि आज मुलांना सोबत घेऊन आलेल्या आयांनो,

मध्यरात्रीनंतर गाड्या लागायला सुरुवात होते, त्याआधी तुम्हाला चार तास झोप मिळाली पाहिजे. त्यामुळे वेळेत संपवायचं, असं मला बजावलं आहे आणि मी ते पाळणार आहे.

विषय मानेचा आहे. मानेवरच्या ओझ्याची चर्चा महाराष्ट्रात जितकी तुम्ही केलीत, तितकी डॉक्टरांनीही केली नसेल. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याहून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोदीत आणि बाजारात हमालांना एकत्र केलं, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका माणसाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. आपल्याकडे शंभर किलोचं पोतं त्यानंतरही कित्येक वर्षं पाठीवर येतच राहिलं. पन्नास किलोच्या वर गोणी उतरवणार नाही, हे म्हणायला कांदा-बटाटा मार्केटमध्ये काम बंद ठेवावं लागलं आहे. तुमच्या लढ्याने एक गोष्ट पटवून दिली. ओझं उतरवलं म्हणजे हिशेब संपत नाही. मणक्यावर त्याचा परिणाम पुढे वर्षानुवर्षं चालू राहतो, म्हणून नोंद हवी, निधी हवा, दवाखाना हवा. कोपरखैरण्याचं माथाडी रुग्णालय याच विचारातून उभं राहिलं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो, त्यांनीही आयुष्यभर ओझं वाहिलं. त्यांच्या नावाने बोलताना मी मोठ्यांच्या मानेबद्दल नव्हे, लहान मुलांच्या मानेबद्दल बोलणार आहे. काही मुलांच्या मानेचे मणके शस्त्रक्रिया करून एकमेकांना जोडावे लागतात. ऑपरेशन यशस्वी होतं, मूल चालायला-खेळायला लागतं, आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण मूल वाढत असतं, आणि त्याच्यासोबत जोडलेली मानही बदलत असते. कधी सुधारते, कधी बिघडते. हे बदल का होतात आणि आपण काय करायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी मानेची रचना पाहू. मानेत सात मणके. त्यातला पहिला म्हणजे डोकं पेलणारं हाडाचं कडं. दुसऱ्या मणक्यातून एक सुळका वर निघतो आणि त्या कड्यात पुढच्या बाजूला बसतो. सुळक्याभोवती कडं फिरतं, म्हणून आपण डावीकडे-उजवीकडे बघू शकतो. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी हालचाल या एकाच जोडात होते. सुळका जागेवर राहावा म्हणून त्याच्यामागून एक आडवा बंध गेलेला असतो, आणि बंधाच्या मागे लगेच मज्जारज्जू. हात, पाय, श्वास, लघवी-शौचावरचा ताबा, या सगळ्याच्या तारा तिथून खाली जातात. बंध सैल असला, सुळका नीट तयार झाला नसला, किंवा जंतुसंसर्गाने हाड खाल्लं गेलं, तर मान हलताना कडं पुढे सरकतं आणि रज्जू दाबला जातो.

मुलाची मान ही मोठ्या माणसाच्या मानेची लहान प्रत नसते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव भाग असतं, त्यामुळे बारीक मानेवर भार मोठा पडतो. मोठ्यांच्या मानेची मुख्य बिजागरी पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी असते, लहान मुलांची दुसऱ्या-तिसऱ्यापाशी. मूल आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत ती खाली सरकत जाते. दुसऱ्या मणक्याचा सुळका आणि त्याचं शरीर यांच्यामध्ये आधी कूर्चा असते. त्यांचं एकसंध हाड व्हायला वयाचं तिसरं ते सहावं वर्ष उजाडतं. बंध सैल असतात, सांधे सपाट असतात. एक्स-रेवर पहिला मणका आणि सुळका यांच्यातली फट मोठ्यात तीन मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात, मुलांत पाच मिलिमीटरपर्यंत.

मानेचा बाकही जन्मतः नसतो. गर्भात पाठीचा कणा एकाच बाजूला वाकलेला असतो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बाळ मान धरायला लागतं, तेव्हा मानेला पुढून फुगीर आणि मागून खोलगट असा बाक यायला लागतो. उभं राहिल्यावर कमरेला येतो. मान, पाठ आणि कंबर यांचे बाक एकमेकांना तोलून धरतात, आणि नजर समोर सरळ राहावी हा त्या तोलण्याचा हेतू असतो. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून हे लक्षात ठेवा. शरीर मानेचा आकार बदलू देईल, पण नजर जमिनीकडे किंवा आभाळाकडे फार काळ जाऊ देणार नाही.

हा जोड कोणाचा सरकतो? डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत एक्स-रेवर हा सैलपणा बऱ्यापैकी आढळतो, त्रास मात्र त्यातल्या थोड्यांनाच होतो. मॉर्किओ नावाच्या आनुवंशिक आजारात सुळका खुरटलेला राहतो. काहींचे मणके जन्मतःच एकमेकांना चिकटलेले असतात, काहींचा पहिला मणका कवटीला जोडलेला असतो. आणि आपल्या देशात टीबी आहेच. मानेच्या वरच्या टोकाला टीबी झालेलं मूल अंथरुणातून उठताना दोन्ही हातांनी हनुवटी धरून डोकं उचलतं, कारण मान डोक्याचा भार घ्यायला तयार नसते. असं एकदा जरी दिसलं, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीच्या खुणा हळू उमटतात. धावणारं मूल अडखळायला लागतं, चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळत नाही. बटणं लागत नाहीत, अक्षर बिघडतं, हातातला पेला पडतो. मान एका बाजूला वळलेलीच राहते. रात्री कोरडं राहायला लागलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. याला आळस म्हणू नका, धडपड्या म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आणि हात जोडून सांगतो, अशा मुलाची मान कुणाकडून चोळून, झटका देऊन, मोडून घेऊ नका. सलूनमध्ये दाढीनंतर मोठी माणसं मान कडकड मोडून घेतात, तेही धोक्याचं. या मुलांच्या बाबतीत त्या एका झटक्यात हातपाय जाऊ शकतात.

आता शस्त्रक्रियेकडे येतो. सरकणारा जोड थांबवायचा तर दोन मणके एकमेकांना घट्ट धरून ठेवायचे, मध्ये हाडाचे तुकडे भरायचे आणि हाड एकजीव होऊ द्यायचं. १९१० साली बोस्टनच्या मिक्सटर आणि ऑसगुड या सर्जनांनी पहिला-दुसरा मणका जाड रेशमी धाग्याने बांधला. १९३९ मध्ये टोरांटोच्या गॅली यांनी तार वापरली आणि ती पद्धत पुढे कित्येक दशकं जगभर चालली. तार मणक्यांच्या मागच्या कमानींभोवती गुंडाळून पिळायची. ती पक्की बसेपर्यंत मुलाला महिनोन् महिने प्लास्टर किंवा डोक्याला रिंग लावून ठेवायचं.

यातला पुढचा मोठा टप्पा इथून फार लांब घडला नाही. वाशीहून हार्बरने कुर्ला, तिथून गाडी बदलून परळ. १९२६ पासून रुग्णसेवेत असलेल्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ च्या सुमारास पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागांत थेट स्क्रू घालून ते प्लेटने जोडायला सुरुवात केली. डॉ. लाहेरी यांच्यासह त्यांनी ही पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००२ साली १६० रुग्णांचा अनुभव छापून आला. जर्मनीतल्या हार्म्स यांनी २००१ मध्ये प्लेटऐवजी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि सळई वापरून अशीच पद्धत मांडली. आज जगभरचे सर्जन तिला गोयल-हार्म्स पद्धत म्हणतात. पालिकेच्या रुग्णालयात, केसपेपरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांवर उपचार करताना हे घडलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

आत काय करतात ते थोडं जवळून पाहू. रुग्णाला पालथं झोपवून डोक्याला हलका ताण देतात. मानेच्या मागून मधोमध छेद घेतात, स्नायू बाजूला करत पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सांध्यापर्यंत पोचतात. वाटेत दुसऱ्या मज्जातंतूची गाठ येते. गोयलांच्या पद्धतीत ती कापतात, त्यामुळे सांधा समोर उघडा दिसतो. डोक्याच्या मागच्या भागात त्यामुळे थोडा बधिरपणा राहू शकतो. सांध्याची गुळगुळीत कूर्चा खरवडून काढतात, कमरेच्या हाडाचे चुरे आत ठासून भरतात आणि मग स्क्रू. तिथून काही मिलिमीटरवर मेंदूला रक्त नेणारी धमनी वळण घेत असते. म्हणून आधी सीटी स्कॅनवर प्रत्येक मुलाची धमनी कुठून जाते, हाड किती जाड आहे, हे पाहिल्याशिवाय कोणी शहाणा सर्जन हात घालत नाही.

जोड पक्का झाला, रज्जू सुटला, मूल वाचलं. आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, त्याकडे येऊ.

तुम्ही गोदामात थप्पी लावता. मधलं एखादं पोतं तिरकं बसलं आणि ते हलवता येत नसेल, तर तुम्ही बाकीची पोती थोडी थोडी उलट बाजूला सरकवून थप्पी ओळंब्यात ठेवता. मानेत हेच होतं. वरचे दोन मणके ज्या कोनात घट्ट केले, तो कोन कायमचा ठरला. तो जर गरजेपेक्षा जास्त मागे झुकवलेला असेल, तर डोकं मागे जातं, नजर वर जाते. मग नजर खाली आणायला खालच्या पाच मणक्यांना पुढे वाकावं लागतं. त्यांचा नैसर्गिक बाक आधी सपाट होतो, मग उलटा होतो. तारेच्या जुन्या पद्धतीत हा धोका जास्त होता, कारण मागच्या कमानींभोवतीची तार पिळली की त्या जवळ खेचल्या जातात आणि डोकं मागे कलतं. स्क्रूने कोन ठरवणं सर्जनच्या हातात जास्त आलं, पण ठरवावा लागतोच.

मुलांत याखेरीज आणखी तीन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे, मागून जोडलेल्या मणक्यांची मागची वाढ थांबते, पुढची चालू राहते. त्यामुळे जोडलेला भाग वर्षागणिक मागे वाकत जाऊ शकतो. फ्रान्सच्या दुबुसे यांनी पाठीच्या कण्यात ही गोष्ट १९८९ मध्ये दाखवून दिली होती. दुसरी, मुलांचं हाड फार उत्साही असतं. ऑपरेशनच्या वेळी खालच्या मणक्यावरचं आवरण विनाकारण उघडलं, तर तिथेही हाड धरतं आणि दोनच्या जागी तीन-चार मणके जोडले जातात. तिसरी, दुसऱ्या मणक्याच्या मागच्या टोकाला मान मागे धरून ठेवणारे मोठे स्नायू चिकटलेले असतात. ते सुटले आणि पुन्हा नीट शिवले गेले नाहीत, तर मान पुढे ढळते. रज्जू मोकळा करायला मणक्याच्या मागच्या कमानी काढाव्या लागल्या असतील तर हा धोका मुलांत मोठ्यांपेक्षा खूप जास्त.

इथपर्यंत ऐकून कुणी घाबरलं असेल, तर दुसरी बाजूही ऐका. केईएमचा लेख आला त्याच १९९४ साली जपानच्या तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचाच अभ्यास प्रसिद्ध केला. जोड घट्ट केल्यावर मुलांच्या मानेत आलेला उलटा बाक वाढीबरोबर मणक्यांचा आकारच बदलून आपोआप सुधारू शकतो, असं त्यांना दिसलं. मोठ्या माणसाच्या हाडाला हे जमत नाही. कोइम्बतूरच्या डॉ. राजशेखरन यांनी मणक्याच्या टीबीतून औषधांनी बऱ्या झालेल्या ६१ मुलांवर पंधरा वर्षं नजर ठेवली आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. आजार बरा झाल्यानंतरच्या वाढीत ४४ टक्के मुलांचं कुबड कमी झालं, ३९ टक्क्यांचं वाढलं, १७ टक्क्यांचं जवळपास तसंच राहिलं. ही मुलं ऑपरेशनची नव्हती, पण धडा तोच आहे. उपचार संपल्यावर वाढ कोणत्या बाजूला नेईल हे आरंभी नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. एक्स-रेवरच्या काही खुणांवरून मात्र धोका आधी ओळखता येतो, आणि त्या खुणाही त्यांनी दाखवून दिल्या.

डॉ. गोयल आणि डॉ. शहा यांनी २००९ मध्ये केईएमचा आणखी एक अनुभव मांडला. मानेच्या वरच्या जोडाच्या जुन्या विकारात मान आखूड होते, एका बाजूला वळते, मागे ताणलेली राहते. वर्षानुवर्षं हे जन्मजात, न बदलणारं व्यंग समजलं जायचं. जोड स्थिर केल्यावर यातले पुष्कळसे बदल मागे फिरताना त्यांना दिसले. म्हणजे वाकडी मान ही काही वेळा शरीराने रज्जू वाचवण्यासाठी घेतलेली स्थिती असते. वरचा धोका टळला की शरीर ती सोडून देतं.

या तिन्ही अनुभवांतून मी एकच निष्कर्ष काढतो. मुलाच्या जोडलेल्या मानेबद्दल ऑपरेशनच्या दिवशी शेवटचा शब्द कुणालाच देता येत नाही, सर्जनलाही नाही. तो शब्द वाढ संपल्यावर मिळतो, मुलींत साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी, मुलांत सतरा-अठराव्या. तोपर्यंत बघत राहणं हे नंतरचं किरकोळ काम नव्हे. तो उपचाराचाच दुसरा अर्धा भाग आहे.

आणि नेमका हाच अर्धा भाग आपल्याकडे सुटतो. का सुटतो, ते तुम्ही मला सांगाल. पहिले सहा महिने आई-बाप नेमाने येतात. मग मूल शाळेत जातं, दुखत नाही, पडत नाही. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी, लोकलच्या दोन गाड्या, एक्स-रेची रांग, आणि शेवटी डॉक्टर म्हणतात, "ठीक आहे, पुढच्या वर्षी या." मग मूल आजीकडे गावी जातं, जावळीला, पाटणला, शिराळ्याला. फाइल घर बदलताना हरवते. चार-पाच वर्षांनी मान पुढे आलेली दिसते, तेव्हा जुनी फिल्म हाताशी नसते आणि हा बदल कालचा की पाच वर्षांचा, हे सांगायला कुणी नसतं. मी आई-बापांना दोष देत नाही. ज्या खेपेत हाती काही पडल्यासारखं वाटत नाही, तिच्यासाठी खाडा कोण करेल? खेपेला जाऊन काय मिळतं, हे आम्ही डॉक्टरांनी नीट सांगितलेलं नसतं.

म्हणून ते आज सांगतो. मुलाला उभं करून, नजर समोर ठेवून, बाजूने एक एक्स-रे काढतात. हनुवटी उचलायची नाही, पाडायचीही नाही. "ताठ राहा" म्हणून दटावायचं नाही, नाहीतर मान खोटी दिसते. दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेवर एक रेघ आणि सातव्याच्या खालच्या कडेवर दुसरी. दोन रेघांमधला कोन म्हणजे खालच्या मानेचा बाक. वरच्या जोडाचा कोन वेगळा मोजतात. पहिल्या वर्षात हे काही वेळा, पुढे साधारण वर्षातून एकदा. नेमक्या तारखा तुमचे सर्जन ठरवतील. एका आकड्याला फारसा अर्थ नसतो, चार वर्षांचे चार आकडे शेजारी मांडले की मान कुठे चालली आहे ते कळतं. बिघाड लवकर दिसला तर व्यायाम, पट्टा, नुसतं लक्ष ठेवणं यावर भागू शकतं. उशिरा दिसला, मणके वाकलेल्या स्थितीतच कडक झाले, तर दुसरं ऑपरेशन आणि तेही पहिल्यापेक्षा अवघड.

दर खेपेला आई-बापांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे. वरच्या जोडाचा कोन किती आणि मागच्या वेळी किती होता? खालच्या मानेचा बाक कुठल्या बाजूला चालला आहे? जोडलेल्या मणक्यांची संख्या वाढली का? उत्तर वहीत लिहून घ्या, मराठीत, तारखेसह. फिल्म गुंडाळू नका, पाकिटात सपाट ठेवा. हल्ली मोबाईलवर फोटो मिळतो, तो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

रोजच्या जगण्याबद्दल थोडं. जोड पक्का झाल्यावर मूल शाळेत जातं, पळतं, सायकल चालवतं. मान पूर्ण वळत नाही, म्हणून ते खांद्यासकट वळतं. त्याला चिडवू देऊ नका, आणि रस्ता ओलांडताना सगळं अंग वळवून बघायला शिकवा. कोलांटी, कुस्ती, कबड्डी, डोक्यावर पडण्याचा धोका असलेला खेळ, हे सर्जनला विचारल्याशिवाय नको. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, हा नियम सगळ्याच मुलांसाठी आहे. आणि मोसमात गाळ्यावर हात लावायला म्हणून या मुलाच्या डोक्यावर पाटी, पिशवी, काहीही ठेवू नका. पुढे कधीही त्याला भूल द्यायची वेळ आली, दाताचं का असेना, तर मान जोडलेली आहे हे आधी सांगा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली. अंगणवाडीत आणि शाळेत या कार्यक्रमाची पथकं मुलं तपासतात. डाउन सिंड्रोम असलेलं किंवा चाल बिघडलेलं मूल असेल, तर पथक येईल त्या दिवशी त्याला घरी ठेवू नका, मुद्दाम पाठवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या मुलाचा आजार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

शेवटी या बाजाराला एक मागणी. व्यापाऱ्यांची लेव्ही, कामगाराची नोंद, भविष्यनिर्वाह निधी, हे सगळं उभं करताना तुम्ही म्हणालात की कामगाराचं शरीर ही रोजच्या मजुरीपुरती गोष्ट नाही. हाच न्याय त्याच्या मुलाला लावा. ज्याच्या मुलाचं मणक्याचं ऑपरेशन झालं आहे, त्याला वर्षातून एक दिवस तपासणीसाठी टोळीने मोकळा सोडावा आणि त्या दिवसाचा वाटा त्याला द्यावा. टोळीत दहा-बारा जण असतात. एका दिवसाचं काम वाटून घेणं तुम्हाला नवं नाही. माथाडी मंडळाच्या दवाखान्यात अशा मुलांची एक नोंदवही ठेवावी, त्यात नाव, ऑपरेशनची तारीख, पुढच्या तपासणीचा महिना, आणि कोनाचे आकडे. ज्याचा महिना उलटला त्याच्या मुकादमाला निरोप जावा. याला वेगळा कायदा लागत नाही, इमारत लागत नाही. एक वही, एक माणूस आणि फोन.

परळला एका दिवसात जे काम होतं, ते उत्तम होतं. पुढची दहा वर्षं तुर्भ्याला, कोपरखैरण्याला, घणसोलीला सांभाळायची आहेत, आणि ती सांभाळणं तुमच्या हातात आहे. ही वही पुढच्या व्याख्यानमालेपर्यंत सुरू झाली, तर तिच्यातले आकडे कसे वाचायचे ते शिकवायला मी पुन्हा येईन, भाषण न करता.